ताई आणि तायी

आम्हांला दोन मुली आहेत. थोरली साडेसात वर्षांची असून नुकतीच दुसरीत गेली आहे आणि धाकटी येत्या जुलैत चार वर्षांची होईल. आम्ही बेळगावात वडगावला राहतो. मुलींचे वडील उद्यमबागेतील एका फाउंड्रीत पाळीने कामाला जातात आणि मी एका पतसंस्थेत नोकरी करते. धाकटीची चाहूल लागल्यापासून आजवरच्या काळात थोरलीची ‘ताई’ कशी झाली, त्यात आमचे काय चुकले आणि काय जमले, ते मला लिहून ठेवायचे आहे. दुसरे बाळ यायचे असले की दुपटी, लंगोट, पाळणा, डिंक, अळीव यांची जमवाजमव घरोघरी होते. थोरल्या मुलाची तयारी मात्र आपोआप होईल असे धरून चालण्याची रीत आहे, आणि आम्हीही तसेच धरून चाललो होतो.

दिवस राहिल्याचे कळल्यावर आशा कार्यकर्तीने माझे नाव नोंदवून घेतले आणि तायी कार्ड आणून दिले. कर्नाटकात गरोदर बाईला सरकारी आरोग्य केंद्राकडून हे कार्ड मिळते. वजन, रक्तदाब, रक्तातील हिमोग्लोबिन, धनुर्वाताची इंजेक्शने, आणि बाळ जन्मल्यावर त्याच्या लसी, अशा सगळ्या नोंदी त्यावर होतात. कन्नडमध्ये ‘तायी’ म्हणजे आई. म्हणजे हे आईचे कार्ड. थोरली तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती आणि ‘आता तू ताई होणार’ हे वाक्य ती घरात रोज दहा वेळा ऐकत होती. आशा कार्यकर्तीने दारात उभ्या उभ्या सांगितले, “तायी कार्ड जपून ठेवा, दर खेपेला घेऊन यायचं.” हे ऐकताच थोरली माझ्या मागून पुढे आली आणि दोन्ही हात पसरून म्हणाली, “माझं हाय, मी धरतो.”

तिची समजूत अगदी सरळ होती. ताई ती होणार, तेव्हा ताईचे कार्डही तिचेच. त्यात भर अशी, की आमच्या शेजारच्या कन्नड अज्जी प्रत्येक लहान मुलीला मायेने ‘तायी’ म्हणूनच हाक मारतात. संध्याकाळी ओट्यावर बसून त्या थोरलीला विचारायच्या, “ऊट आतेन, तायी?” जेवलीस का, बाळ, एवढाच त्याचा अर्थ, पण तीन वर्षांच्या मुलीने त्यातून घेतलेला अर्थ असा, की अज्जींना आपण ताई होणार हे आधीच ठाऊक आहे. घरात आजी आणि शेजारी अज्जी, घरात ताई आणि शेजारी तायी, असे हे आमचे सीमाभागातले जग आहे. मी तिला दोन्ही शब्दांतला फरक त्या दिवशी समजावून सांगितला नाही, आणि ते बरेच झाले असे आज वाटते. कार्ड तिच्याच हातात राहिले. आरोग्य केंद्राच्या बाकावर मी बसायची आणि ती मांडीवर कार्ड घेऊन शेजारी बसायची. नाव पुकारले की तीच उठून ते नर्सच्या हातात द्यायची.

धाकटीचा जन्म २०२२ च्या जुलैतला. बेळगावचा जुलै ज्यांनी पाहिला आहे त्यांना निराळे सांगायला नको. आठ-आठ दिवस सूर्यदर्शन नाही, भिंतींना ओल, आणि वाळत घातलेल्या कपड्यांना कुबट वास. दुपटी आणि लंगोट वाळवण्यासाठी माझ्या आईने शेगडीवर वेताची टोपली पालथी घातली होती आणि तिच्यावर ती एकेक लंगोट पसरून, हाताच्या पालथ्या बाजूने ओल तपासत, दिवसभर उलटत बसायची. आई माझ्या बाळंतपणासाठी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावाहून आली होती आणि तिच्याच एका वाक्याने पुढे आमचे घर सावरले. त्याआधी मात्र बरेच काही बिघडायचे होते.

मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, अशी आमच्याकडे पद्धत आहे. तिसऱ्या मोठ्या माणसाने तोंड उघडण्याआधीच मुलींच्या वडिलांनी कुंदा आणून वाटला. कुंदा हा बेळगावचा स्वतःचा गोड पदार्थ. दूध आणि खवा साखरेत तांबूस होईपर्यंत आटवून केलेला, रवाळ. तो हातावर ठेवला की घेणाऱ्याला पेढा का बर्फी हे विचारायची सोय उरत नाही. तरीही भेटायला आलेल्या एका नात्यातल्या बाईंनी पाळण्यात डोकावून म्हटलेच, “दुसरीबी मुलगीच व्हय?” आणि माझ्याकडे पाहून सुस्कारा टाकला. थोरली पाळण्याच्या दोरीशी उभी होती.

रात्री ती माझ्या कुशीत शिरून म्हणाली, “आई, मुलगीच म्हणजे काय?” ‘मुलगी’ तिला ठाऊक होतेच, ती अडली होती त्या ‘च’पाशी. एका अक्षरात केवढे काय भरलेले असते ते तीन वर्षांच्या मुलीच्या कानाने बरोबर टिपले होते. मी बराच वेळ गप्प राहिले. मग तिला म्हटले, “आपण कुंद्याच्या दुकानात गेल्यावर तू काय म्हणतेस? मला कुंदाच पाहिजे. तसंच ते. आम्हांला मुलगीच पाहिजे होती.” हे उत्तर सुचले याचे समाधान मला आजही आहे, कारण दुसऱ्याच दिवशी आलेल्या पाहुण्यांना तिने दारातच गाठून सांगितले, “आम्हाला मुलगीच पाहिजे होती.” त्या बाईंच्या बोलण्याचा मला झालेला त्रास मात्र लवकर गेला नाही. बाळंतिणीच्या खाटेशी बसून जे बोलले जाते ते तिच्या थोरल्या मुलीच्या कानांवरून जाते, ही साधी गोष्ट मोठ्या माणसांच्या ध्यानात येत नाही आणि त्याची मला चीड आहे.

बारशाला कानात ‘कुर्र’ करायचा मान आत्याचा. आत्याने तो केला आणि मग थोरलीलाही वाकवून बाळाच्या कानाशी नेले. तिथपर्यंत सगळे गोड चालले होते. बारसे झाले, पाहुणे गेले, आणि तिसऱ्या आठवड्यापासून थोरलीचे वागणे पालटले. वर्षभरापूर्वी सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय परत आली. हाताने जेवणारी मुलगी भरवल्याशिवाय घास घेईना. दुपारी बाळ झोपले की नेमकी तेव्हाच ती भांडे आपटायची. एकदा मी स्वयंपाकघरातून आले तर बाळाच्या दंडावर चिमट्याचे लाल व्रण होते आणि थोरली भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी तिला मारले. पाठीत एक धपाटा बसला आणि त्यासोबत मी जे वाक्य उच्चारले ते धपाट्याहून वाईट होते: “तू मोठी आहेस ना? तुला कळत नाही?” ती साडेतीन वर्षांची होती. तिला कळत नव्हते, आणि कळावे असे तिचे वयही नव्हते.

माझी आई लंगोट उलटत हे सगळे पाहत होती. त्या वेळी ती काही बोलली नाही. रात्री दोघी मुली झोपल्यावर मला म्हणाली, “तिला मोठी मोठी म्हणू नकोस. मोठी म्हणजे काय, तर मागं सर. दोन महिने तिला तेवढंच कळालंय. तिला काम दे.” कामाला लावायचे म्हणजे नादी लावायचे, खोटी खोटी मदत करू द्यायची, असा अर्थ मी आधी घेतला. आईचे म्हणणे तसे नव्हते. जे केले नाही तर घरात खरेच अडेल असे काम द्यायचे आणि ते तिच्यावर सोपवून मागे वळून पाहायचे नाही, असे तिला म्हणायचे होते.

आम्ही लंगोटांपासून सुरुवात केली. शेगडीवरून उतरलेले लंगोट मोजून पाळण्याखालच्या टोपलीत ठेवायचे काम थोरलीचे. तिला तेव्हा दहापर्यंतच आकडे येत होते, म्हणून दहा झाले की एक चिंचोका बाजूला ठेवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात करायची, अशी युक्ती आईने काढली. टोपलीत लंगोट कमी पडले तर दुसरे कोणी भरायचे नाहीत, तिलाच हाक मारायची. एकदा तसे घडलेही. बाळ ओले, टोपली रिकामी, आणि थोरली अज्जींकडे ओट्यावर. मला दोन मिनिटे लागली नसती, पण मी खिडकीतून हाक मारली आणि ती धावत आली, धापा टाकत लंगोट मोजू लागली आणि मला म्हणाली, “थांब की जरा, बाळ रडालंय ते दिसालंय मला.” त्या आवाजात त्रागा होता, पण तो जबाबदार माणसाचा त्रागा होता. अंथरूण ओले होणे त्यानंतरही दीड-दोन महिने चालू राहिले. काम दिले आणि दुसऱ्या दिवशी सगळे सुरळीत झाले, असे मुळीच झाले नाही.

दुसरी गोष्ट आम्ही केली ती तिच्या एकटीच्या वेळेची. तिच्या वडिलांची रात्रपाळी असली की ते पहाटे घरी येत. त्या नवरात्रात दुर्गामाता दौड चालू होती. आमच्याकडे नवरात्राचे दिवस पहाटेच सुरू होतात; गल्लीत सडा-रांगोळ्या होतात, पांढऱ्या कपड्यांतली आणि भगवे फेटे बांधलेली मुले-माणसे धावत येतात आणि बायका दारात आरत्या घेऊन उभ्या असतात. पाळीवरून आलेले वडील न झोपता तिला पांढरा परकर-पोलका घालून दौडीला न्यायचे. अर्धी वाट ती धावायची आणि अर्धी वाट त्यांच्या खांद्यावर बसायची. बाळाला तिथे नेणे शक्यच नव्हते, आणि हेच तिला हवे होते. परत आल्यावर ती पाळण्याशी जाऊन बाळाला सगळी दौड सांगायची. त्या दिवसांत बाळाला चिमटे घेणे थांबले, ते पुन्हा झाले नाही.

माझ्या वाट्याला तिच्या वेणीची वेळ आली. सकाळची दहा मिनिटे, उंबऱ्यावर मी आणि पायरीवर ती. खोबरेल तेल तळहातावर घेऊन टाळूवर चोळायचे, फणीच्या टोकाने कपाळापासून मानेपर्यंत भांग काढायचा, तो वाकडा गेला की तिला मानेवरूनच कळते आणि ती “वाकडा गेला” म्हणते; मग पुन्हा एकदा. या दहा मिनिटांत धाकटी रडली तरी मी उठायचे नाही, घरात दुसरे कोणी असेल त्याने पाहायचे, हे ठरलेले. हा नियम पाळणे मला सर्वांत जड गेले. अंगावर पिणारे बाळ आत रडत असताना केसांचे तीन पेड घालत राहायला आईचे हात ऐकत नाहीत. पण वर्षभरात कधीतरी मला जाणवले, की दिवसभरात थोरलीने मनातले जे काही सांगितले ते सगळे पाठमोरी बसून, या दहा मिनिटांतच सांगितले होते.

बाळाच्या लसींच्या खेपांनाही कार्ड तिच्याकडेच असे. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या सुया झाल्या, नवव्या महिन्याला गोवर-रुबेलाची झाली, दीड वर्षाचा बूस्टर झाला. मधल्या काळात आम्ही टपाल कार्यालयात दोघींच्या नावे सुकन्या समृद्धीची खाती उघडली. वर्षाला किमान अडीचशे रुपये पंधरा वर्षे भरावे लागतात आणि खाते उघडल्यापासून एकवीस वर्षांनी ते पूर्ण होते. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी ते उघडावे लागते. पासबुके दोन आली, तेव्हा थोरलीने दोन्हींवरचे आकडे ताडून पाहिले आणि सारखे आहेत याची खात्री करून घेतली.

ती पहिलीत जायच्या वर्षी माध्यमाचा प्रश्न आला. वयाची अडचण नव्हती. जूनमध्ये ती साडेसहाची होती. इंग्रजी, कन्नड, मराठी अशा तिन्ही बाजूंनी सल्ले आले. कन्नड आल्याशिवाय या राज्यात पुढे निभणार नाही, हे तिच्या वडिलांचे म्हणणे मला मान्य आहे. पण मुलगी घरात ज्या भाषेत रडते, भांडते आणि लंगोट मोजते, त्याच भाषेत तिने आधी वाचायला शिकावे, असे माझे मत होते, आणि २०१५ च्या कायद्यामुळे राज्यातल्या शाळांत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते. मराठी शाळेत घातले तरी कन्नड सुटणार नव्हतेच. आम्ही तिला सरकारी मराठी शाळेत घातले.

पहिल्या सहामाहीत तिच्या मराठीच्या वहीवर लाल शेरे येऊ लागले. ‘आंबा’ या शब्दात तिने ‘आ’च्या डोक्यावर टिंब न देता पुढे एक शून्य काढले होते: आ०बा. ‘पंखा’, ‘घंटा’, ‘चिंच’, सगळीकडे तसेच. मुलीच्या डोळ्यांत दोष आहे की काय, इथपर्यंत माझी मजल गेली. वही अज्जींना दाखवली तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, “सोन्ने.” कन्नडमध्ये अनुस्वार अक्षराच्या पुढे लहानसे वर्तुळ काढून लिहितात आणि त्याला सोन्ने म्हणतात, सोन्ने म्हणजेच शून्य. मुलीने दोन्ही वह्यांचा नियम एक करून टाकला होता. उलट बाजूलाही तसाच गोंधळ होता. कन्नडचा ‘ठ’ म्हणजे गोलाच्या पोटात एक ठिपका. तो ठिपका विसरला की त्याचा ‘र’ होतो, आणि आमची मुलगी तो हमखास विसरायची. ‘कोडु’तला ‘ओ’ आखूड म्हटला तर ‘दे’ आणि लांबवला तर ‘शिंग’, हे तर मलाही अज्जींकडूनच कळले, कारण मराठी कानाला दोन्ही ‘ओ’ सारखेच लागतात.

यावर उपाय तिनेच शोधला. तीन वर्षांच्या धाकटीला पाटीपुढे बसवून ती शिकवू लागली: “मराठीचं टिंब डोक्यावर, टिकलीसारखं. कन्नडचं शेजारी बसतं, तू बसालीस तसं.” शिकवताना तिच्या स्वतःच्या चुका महिनाभरात गेल्या.

या शिकवण्याचाच एक वाईट प्रसंगही झाला. आमच्या भागात बायका-मुलीही ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. मी स्वतः घरात तसेच बोलते आणि येथे लिहिताना ‘करते’, ‘बोलते’ लिहिते आहे. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी थोरलीला सांगितले, की मुलींनी ‘येते’ म्हणायचे असते. पुस्तकातही तसेच होते. मग ती धाकटीला चारचौघांत दुरुस्त करू लागली. धाकटीने “मी येतो” म्हटले की लगेच, “येतो नाही, येते!” दोन-तीन दिवसांत धाकटी पाहुण्यांसमोर बोलेनाशी झाली, नुसती माझा पदर ओढायची. हे लक्षात आले तेव्हा वेणीच्या वेळी मी थोरलीशी बोलले. वहीतली चूक वहीत दाखवायची, जिभेवरची नाही, असे आमचे ठरले. पाठमोरी बसूनच तिने विचारले, “मग आजी चुकीचं बोलते काय?” मी म्हटले, “नाही. आजी आपल्या गावचं बोलते. पुस्तक पुस्तकाचं बोलतं. तुला दोन्ही आली पाहिजेत.” धाकटी पुन्हा बोलू लागायला आठवडा गेला. ती आजही ‘येतो’च म्हणते आणि आम्ही तिला तसे म्हणू देतो.

आता धाकटी अंगणवाडीत जाते. तिचे केस अजून मानेवरही येत नाहीत, तरी सकाळी थोरलीची वेणी झाली की ती पायरीवर येऊन बसते आणि मला तिच्या टाळूवरच्या चार केसांना रिबीन बांधावी लागते. अज्जी दोघींनाही तायीच म्हणतात. थोरलीला त्या शब्दाचा अर्थ गेल्या वर्षी शाळेत कळला. घरी येऊन तिने कपाटातल्या पिशवीतून कार्ड काढले, वरची कन्नड अक्षरे एकेक बोट ठेवून वाचली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “म्हणजे हे तुझं होतं?” मी हो म्हटले. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने कार्ड उघडून लसींचे पान पाहिले. त्यावर पाच वर्षांच्या डोसाचा रकाना अजून रिकामा आहे. “हे राहिलंय की अजून,” ती म्हणाली, आणि कार्ड पिशवीत घालून ती पिशवी तिने माझ्या कप्प्यात न ठेवता स्वतःच्या दप्तराच्या खुंटीला अडकवली. ती अजून तिथेच आहे.